जुन्या पेट्रोल ट्रकचा डिस्ट्रिब्युटर परत बसवताना: टीडीसीपासून टायमिंग लाइटपर्यंत

ठाणे-नवी मुंबईच्या रस्त्यावर आता पेट्रोल ट्रक शोधावा लागतो. तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलवर, कळंबोलीच्या लोखंड बाजारात उभे असलेले बहुतेक ट्रक डिझेलचे, आणि डिझेलला डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा भाग, नसतोच. त्यामुळे हे काम हाताखालून गेलेले मिस्त्रीही कमी झाले. तरी लष्कराच्या लिलावातून आलेली निस्सानची वन-टन आणि जोंगा, जुन्या बेडफर्ड, विलीज जीप अशा गाड्या शौकिनांकडे आहेत. त्यांचे काम अडते ते बहुतेकदा एकाच ठिकाणी. तेलगळतीसाठी किंवा बुश बदलायला कोणीतरी डिस्ट्रिब्युटर काढला, मध्येच कोणीतरी सेल्फ मारला, आणि आता तो कुठे तोंड करून बसवायचा हे कोणालाच माहीत नाही.

पुढची माहिती मुख्यतः एका ओळीतल्या सहा सिलिंडरच्या इंजिनासाठी आहे. जबलपूरच्या वाहन कारखान्यात तयार झालेल्या जोंगाचे सुमारे ४ लिटरचे इंजिन याच जातीचे. चार सिलिंडरसाठी जिथे फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. डिस्ट्रिब्युटर चुकीच्या दातावर बसला तर इंजिन चालू होणार नाही किंवा नीट चालणार नाही, एवढेच. पण खालचे टोक (तेच ऑइल पंप फिरवते) पंपाच्या खाचेत न बसताच तो बोल्ट आवळून खाली ओढला, तर इंजिन चालूही होईल आणि तेलाच्या दाबाशिवाय बेअरिंग खाऊन टाकेल. पहिली चूक दहा मिनिटांत सुधारते. दुसरीला क्रँक उतरवावा लागतो.

काढायच्या आधी

डिस्ट्रिब्युटर अजून जागेवर असेल तर नशीबवान आहात. बॅटरीची अर्थ वायर काढा. कॅप वायरींसकट उचलून बाजूला ठेवा आणि इंजिन हँडलने फिरवून एक नंबरच्या फायरिंगवर, म्हणजे पहिल्या सिलिंडरची ठिणगी पडायच्या स्थितीत, आणा (कसे ते पुढे येतेच). मग रोटरचे (कॅपखाली फिरणाऱ्या तुकड्याचे) टोक बॉडीच्या कडेला जिथे येते तिथे एक खूण करा आणि बॉडी ब्लॉकवर जिथे बसते तिथे दुसरी. खडू पुसला जातो, तेलात तर लगेच. छिन्नीचा बारीक टोचा किंवा नेलपॉलिश चांगले. व्हॅक्यूम डबी (इंजिनाच्या ओढीने ठिणगीची वेळ हलवणारी) कोणत्या दिशेला आहे त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. वायरींवर चिकटपट्टी लावून नंबर लिहा.

आता डिस्ट्रिब्युटर वर ओढताना रोटरकडे बघत राहा. तिरक्या दातांचा गियर सुटताना रोटर थोडा फिरतो. सुटल्यावर तो जिथे थांबला तिथे तिसरी खूण करा. बसवताना सुरुवात याच तिसऱ्या खुणेपासून करायची असते. अर्धे काम ही खूणच करते आणि तीच करायची बहुतेक जण विसरतात.

भोकात स्वच्छ फडके कोंबा. एक नट आत पडला की संप (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) उतरवायचा.

बाहेर असतानाच तपासायच्या गोष्टी

शाफ्ट वरून धरून आडवा हलवा. हाताला ठळक खटखट जाणवली तर बुश गेले. बुश गेलेल्या डिस्ट्रिब्युटरचे टायमिंग (ठिणगी पडायचा क्षण) लावणे म्हणजे वाऱ्यावर रेघ मारणे. शाफ्ट डुलतो, सीबी पॉइंटची (उघडताना ठिणगी पाडणाऱ्या आतल्या स्विचची) गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळी पडते आणि टायमिंग लाइटखाली (ठिणगीबरोबर लखलखणाऱ्या दिव्याखाली) खूण नाचत राहते. तयार बुश मिळत नसेल तर वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या लेथवाल्याकडून गनमेटलचा करून घ्या. सोबत शाफ्ट द्याच, नुसते माप सांगू नका, कारण शाफ्टही झिजलेला असतो.

रोटर हाताने त्याच्या फिरण्याच्या दिशेने थोडा पिळा आणि सोडा. तो स्प्रिंगने झटकन परत आला पाहिजे. अडकत असेल तर वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी खालची वजने गंजली आहेत. रॉकेलने धुवा, पुसा, पिनांवर तेलाचा एकेक थेंब द्या. खाडीकाठच्या दमट हवेत महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास सापडते, आणि वजने अडकली की गाडी जागेवर गोड चालते पण चढावर मरते.

व्हॅक्यूम डबीची नळी तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करा. आतली प्लेट सरकून तशीच थांबली पाहिजे. हळूहळू परत आली तर आतला पडदा फाटला आहे.

गियरची पिन सैल नाही ना, दात एका बाजूने सुरीसारखे झालेले नाहीत ना, तेही बघा. बॉडीखालची ओ-रिंग किंवा गॅस्केट नवीन टाका. जुनीवर सीलंट थापून भागवले की दोन आठवड्यांत तेल पुन्हा ब्लॉकवरून उतरते.

सीबी पॉइंट आधी, टायमिंग नंतर

हा क्रम उलटा केला की दोन्ही कामे पुन्हा करावी लागतात. गॅप वाढवली की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे जाते. गॅप कमी केली की मागे येते. ड्वेल मीटरवर (पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते दाखवणाऱ्या) १ अंशाचा फरक म्हणजे क्रँकवर टायमिंगचा सुमारे १ अंश.

गॅप किती ठेवायची? इंजिन कोणते यापेक्षा डिस्ट्रिब्युटर कोणाचा यावर ते ठरते. मूळ विलीजच्या एफ-हेड (एक व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक ब्लॉकमध्ये) इंजिनाला ०.०२० इंच, म्हणजे ०.५ मिमी सांगितलेले आहे. पण आपल्याकडच्या कित्येक जीपवर नंतर ल्यूकास-टीव्हीएसचा डिस्ट्रिब्युटर चढला, आणि त्या घराण्याच्या डिस्ट्रिब्युटरला साधारण ०.३५ ते ०.४० मिमी लागते. जपानी डिस्ट्रिब्युटरला बहुधा ०.४५ ते ०.५५. बॉडीवरची पट्टी पुसून आधी नाव वाचा.

फायबरची टाच कॅमच्या टोकावर बरोबर चढलेली असताना फिलर गेज घाला. पाते किंचित घासत जायला हवे, पॉइंट ढकलत नाही. जुन्या पॉइंटवर एका बाजूला टेकडी आणि दुसरीकडे खड्डा असतो. तिथे सपाट पाते खरी गॅप दाखवतच नाही, त्यामुळे घासत बसण्यापेक्षा पॉइंट बदला आणि कंडेन्सरही सोबत बदला. नव्या पॉइंटवर संरक्षक तेलाचा थर असतो, तो थोड्या पेट्रोलने पुसा. कॅमवर ग्रीसचा मुगाएवढा ठिपका आणि रोटरखालच्या नमद्यावर तेलाचे दोनच थेंब. जास्त तेल उडून पॉइंटवर गेले की तिथे निळसर काळी राख जमते, आणि मग दोष कंडेन्सरला दिला जातो.

एक नंबर फायरिंगवर आणणे

सगळे प्लग काढा. इंजिन हलके फिरेल आणि कॉम्प्रेशनही स्पष्ट कळेल. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. एक नंबर म्हणजे रेडिएटरकडचा सिलिंडर. त्याच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून दुसऱ्या माणसाला हँडल फिरवायला सांगा. समोरून पाहता इंजिन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. हवा अंगठा उचलू लागली की कॉम्प्रेशन सुरू झाले. आता हळू, पुलीवरच्या किंवा फ्लायव्हीलवरच्या खुणेकडे बघत.

अंगठ्यावर भरवसा नसेल तर टॅपेट कव्हर उघडा. सहा सिलिंडरमध्ये सहा नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र डुलत असतील, म्हणजे एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, तर एक नंबर फायरिंगवर आहे. चार सिलिंडरमध्ये हेच चार नंबरवर बघायचे. एक नंबरचेच व्हॉल्व्ह डुलत असतील तर तुम्ही एक पूर्ण फेरा चुकलात. हीच ती प्रसिद्ध १८० अंशांची चूक. पुलीची खूण टीडीसीला (पिस्टन अगदी वर पोचतो तेव्हा) दोन्ही वेळा येते, क्रँकचे दोन फेरे म्हणजे डिस्ट्रिब्युटरचा एक, म्हणून नुसत्या खुणेवर विसंबणारा निम्म्या वेळा फसतो.

थांबायचे टीडीसीवर नाही. मॅन्युअलमध्ये जितके अंश आधी सांगितले आहेत तिथे थांबा. विलीजच्या एफ-हेडला टीडीसीच्या ५ अंश आधी. आपल्या इंजिनाचा आकडा त्याच्याच मॅन्युअलमधून घ्या, शेजारच्या गाडीचा नको. पुलीवर फक्त टीडीसीची खूण असेल तर अंश स्वतः मोजता येतात. पुलीचा व्यास १६० मिमी असेल तर घेर सुमारे ५०३ मिमी, म्हणजे १ अंशाला १.४ मिमी. ८ अंश म्हणजे ११ मिमी. कागदाची पट्टी चिकटवून खूण करा. ही नवी खूण टीडीसीच्या खुणेच्या अशा बाजूला हवी की इंजिन फिरताना ती काट्यापाशी आधी पोचेल.

खूण ओलांडून गेलात तर तेवढेच मागे आणून थांबू नका. पाव फेरा मागे जा आणि पुन्हा पुढे या, म्हणजे टायमिंग गियरची ढील एकाच बाजूला राहते. रबराचा थर असलेली पुली जुनी झाली की बाहेरची कडी आतल्यावरून सरकते आणि खूण खोटी पडते. शंका आली तर टीडीसी पिस्टनवरूनच तपासून घ्या.

हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीसारखा गुंडाळू नका. प्लग लावून झाल्यावर टायमिंग पुढे असेल तर हँडल उलटते आणि मनगट मोडते.

खाली उतरवणे

टॉर्चने भोकात बघा. दोन प्रकार असतात. एकात गियर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरच असतो आणि शाफ्टचे टोक ऑइल पंपाच्या खाचेत शिरते. दुसऱ्यात गियर इंजिनातच राहतो आणि डिस्ट्रिब्युटरला खाली नुसती जीभ असते. ही जीभ बहुतेकदा मधोमध नसते, एका बाजूला सरकलेली असते, त्यामुळे ती एकाच तऱ्हेने बसते. विलीज घराण्यात डिस्ट्रिब्युटरला फिरवणारा शाफ्ट ऑइल पंपाचाच. तिथे ऑइल पंप काढून चुकीच्या दातावर बसवला असेल तर वर कितीही खटपट केली तरी रोटर एक नंबरवर येणार नाही. आधी पंप नीट करा.

पहिल्या प्रकारात एक नंबरची वायर कॅपवर कुठे येते ते ठरवा. कॅप नुसती धरून बॉडीवर खूण केली की झाले. बसल्यावर रोटर त्या खुणेवर यायला हवा. तिरक्या दातांमुळे उतरताना तो साधारण एका दाताएवढा फिरतो. गियरला १३ दात असतील तर एक दात म्हणजे जवळजवळ २८ अंश. म्हणून सुरुवात तेवढे मागून करायची. किती मागून, याचे गणित करत बसण्यापेक्षा एकदा रिकामे उतरवून बघा. किती फिरला ते पाहा, उचला, तेवढा मागे घ्या, पुन्हा उतरवा. दोन-तीन खेपांत बसतो. गियरला आणि ओ-रिंगला इंजिन ऑइल लावा. व्हॅक्यूम डबी दोन्ही बाजूंना थोडी फिरू शकेल, ब्लॉकला किंवा पेट्रोलच्या पाइपला अडणार नाही अशी ठेवा.

आता खरी गोम. दात मिळाले पण बॉडी ५-६ मिमी वरच राहिली, तर शाफ्टचे टोक पंपाच्या खाचेशी जुळलेले नाही. इथे हातोडी नको आणि बोल्टने ओढणेही नको. ॲल्युमिनियमची बैठक तडकते, नाहीतर टोक खाचेच्या काठावर चिरडते. लांब पेचकस घालून पंपाची खाच शाफ्टच्या टोकाच्या कोनात आणा आणि पुन्हा उतरवा. ते जमत नसेल तर बॉडी हाताने हलके खाली दाबून धरा आणि दुसऱ्याला हँडल सावकाश फिरवू द्या. फेऱ्या-दोन फेऱ्यांत टोक खाचेत ‘टक’ करून पडते आणि बॉडी स्वतःहून बसते. दात आधीच मिळालेले असल्याने जागा सुटत नाही, पण इंजिन पुन्हा एक नंबर फायरिंगवर आणून रोटर तपासाच.

बॉडी सर्व बाजूंनी ब्लॉकला टेकली, मध्ये नखही जात नाही, हे पाहिल्यावरच बोल्टला हात लावा. तोही फक्त इतका की बॉडी जोर लावल्यावर फिरेल.

दिव्याने टायमिंग

नंबर प्लेटचा ५ वॅटचा बल्ब, दोन वायरी, दोन क्लिपा. गाडी ६, १२ की २४ व्होल्टची ते बघून बल्ब घ्या. एक क्लिप कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टोकाला, दुसरी अर्थला. आता बॅटरी जोडा आणि स्विच ऑन करा. पॉइंट मिटलेले असताना दिवा विझलेला, उघडले की पेटतो.

बॉडी रोटरच्या फिरण्याच्या दिशेने वळवा, दिवा विझेपर्यंत. मग रोटरच्या टोकाला बोटाने त्याच्या फिरण्याच्या उलट हलका दाब देऊन गियरची ढील काढा आणि बॉडी उलट दिशेने अगदी सावकाश आणा. दिवा पेटला त्या क्षणी थांबा, बोल्ट आवळा. आवळताना बॉडी हटली का ते बघायला इंजिन दोन फेरे फिरवून पुन्हा खुणेवर आणा. दिवा खुणेवरच पेटला पाहिजे. स्विच ऑन ठेवून चहाला जाऊ नका. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापून जाते.

वायरी

सहा सिलिंडरचा फायरिंग क्रम बहुतेक सगळीकडे १-५-३-६-२-४, विलीजचा १-३-४-२. हा क्रम कॅपवर रोटरच्या फिरण्याच्या दिशेने लावायचा. रोटर कोणत्या दिशेने फिरतो ते हँडल मारून डोळ्यांनी बघा. विलीजमध्ये तो वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे सवयीच्या विरुद्ध. कॅपवर आधीच कोरलेले नंबर दुसऱ्याच गाडीचे असू शकतात, विशेषतः कॅप कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून आली असेल तर.

चार सिलिंडरमध्ये ३ आणि ४ शेजारी आहेत आणि लागोपाठ पेटतात, त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटवून लांब नेऊ नका. कॅपच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर कॅप फेका. घासून ती जात नाही, पावसाळ्यात तर तिच्यावरूनच करंट उतरतो. मधला कार्बन स्प्रिंगने आतबाहेर होतो ना, तेही दाबून बघा.

पहिला स्टार्ट

आधी कॉइलची मधली वायर काढून अर्थला टेकवा आणि सेल्फ मारा. ऑइलचा काटा उचलला पाहिजे. सलग १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मोटरला थंड होऊ द्या. तीन-चार खेपांनंतरही काटा जागचा हलला नाही तर थांबा. पंप फिरतोय की नाही हे कळेपर्यंत पुढे जायचे नाही.

एअर फिल्टर बसवूनच स्टार्ट करा. टायमिंग चुकले असेल तर कार्बोरेटरमधून जाळ येतो. अग्निशामक नसेल तर वाळूची बादली तरी जवळ असू द्या.

इंजिन काय बोलते ते ऐका. सुरूच होत नाही आणि कार्बोरेटर-सायलेन्सरमधून फटाके फुटतात: १८० अंशांची चूक, किंवा वायरींचा क्रम उलट्या दिशेने. सेल्फ अडखळतो, इंजिन मागे झटका देते: टायमिंग फार पुढे. सुरू होते पण आळसावलेले, मॅनिफोल्ड लाल व्हायला येतो, उतारावर सायलेन्सर फुटफुटतो: टायमिंग मागे. बॉडी बोल्टच्या खाचेच्या अगदी टोकाला नेल्यावरच नीट चालते: एक दात चुकला, उचलून परत बसवा. टोकाला आवळून काम भागवू नका, पुढच्या सर्व्हिसला वळवायला जागाच उरत नाही. चालते पण दोन सिलिंडर मिसिंग: दोन वायरींची अदलाबदल.

टायमिंग लाइट आणि रस्ता

इंजिन गरम झाल्यावर व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद करा, आयडल मॅन्युअलप्रमाणे ठेवा, लाइटची क्लिप एक नंबरवर. खूण ठरलेल्या अंशावर स्थिर दिसली पाहिजे. रेस वाढवली की ती सलग पुढे सरकली पाहिजे, अडखळत नाही. मग नळी जोडा.

जुने मिस्त्री टायमिंग कानाने लावत. चढावर इंजिन किंचित ठोकेपर्यंत पुढे न्यायचे आणि मग थोडे मागे घ्यायचे. ही पद्धत आज फसवते. या इंजिनांचे कॉम्प्रेशन ७ च्या आसपास, त्या काळच्या हलक्या पेट्रोलसाठी केलेले. आज पंपावर मिळणाऱ्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन त्यापेक्षा वरचा, त्यामुळे टायमिंग नको तितके पुढे गेले तरी इंजिन ठोकत नाही. कानाला गोड वाटते आणि आतून पिस्टन तापतो. आकड्यावर राहा. चढ बघायचाच असेल तर रविवारी पहाटे घोडबंदर रोडचा गायमुखचा घाट किंवा मुंब्रा बायपासचा चढ पुरेसा आहे, तोही आधी आकडा लावून झाल्यावर. २० टक्के इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडते. टायमिंग बरोबर असूनही रेस देताना इंजिन खोकत असेल तर आता कार्बोरेटरकडे वळा, डिस्ट्रिब्युटरला पुन्हा हात लावू नका.

नव्या पॉइंटची फायबरची टाच सुरुवातीला भरभर झिजते. गॅप कमी होते आणि टायमिंग आपोआप मागे येते. म्हणून ५०० किमीनंतर गॅप पुन्हा मोजा आणि दिवा पुन्हा लावा. ऐरोली-वाशीच्या खाडीकाठी गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर जूनच्या आधी कॅपच्या टोकांवरचा हिरवा गंज काढा आणि वायरींच्या रबरी टोप्या नव्या घाला. रात्री दिवे बंद करून इंजिन चालू ठेवा आणि बॉनेटखाली बघा. वायरींवरून निळ्या ठिणग्या सरकताना दिसल्या तर ज्यांच्यावर दिसल्या त्या वायरी बदला.